एका ओळीची फाईल

आबांनी माझा मोबाईल स्टीलच्या डब्यात घातला, झाकण दाबून बसवलं आणि डबा खाली स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या, हवाली करून आले. मग कॉम्प्युटरच्या मागे वाकून इंटरनेटची तार उपसली आणि तिचं टोक मला हातात धरून दाखवलं. एवढ्यावर भागलं नाही. मॉनिटर त्यांनी पूर्ण स्वतःकडे वळवला आणि मला टेबलाच्या पलीकडे, मॉनिटरच्या पाठीसमोर बसवलं.

"तू सांगायचं, मी दाबायचं," ते म्हणाले. "काय दिसतं ते मी वाचून दाखवीन. लागेल तेवढंच."

बारा वर्षं मी प्रोग्रामिंगवर पोट भरते आहे. स्क्रीन न बघता चूक शोधायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. धुळ्याहून दोन-अडीच तास बसचे धक्के खात जळगावला यायचं, तेही मार्चच्या उन्हात, आणि इथे आल्यावर चोराची वागणूक. मनात म्हटलं, उठावं आणि चालू पडावं. पण मी उठले नाही. का, ते सांगतेच.

आबा म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. आमच्या समाजाची वधू-वर नोंदणी तीस वर्षं त्यांच्याकडे आहे. आधी वह्या होत्या, मग कोणीतरी त्यांना एक सॉफ्टवेअर बनवून दिलं. त्यात नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामाचं कूळ, अपेक्षा, फोटो, सगळं भरायची सोय होती. आणि शेवटी एक रकाना होता, 'खासगी शेरा'. तो छापील पुस्तिकेत येत नाही. तो फक्त आबांसाठी. मुलाला फिट येतात, आधीचा साखरपुडा मोडला पण दोष मुलीचा नाही, घर चांगलं पण सासू फार बोलते, असलं सगळं आबा तिथे लिहून ठेवतात आणि त्यावरून कोणाचं स्थळ कोणाकडे पाठवायचं ते ठरवतात. समाजातली निम्मी लग्नं त्या रकान्यातून झाली आहेत आणि तितकीच तिथे अडली आहेत.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने दुकान गुंडाळलं आणि जाताना सगळी नोंदणी एका फाईलमध्ये काढून पेनड्राइव्हवर दिली. पावणेदोन जीबीची एकच फाईल. ती कशातच उघडेना. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने सांगितलं, अमुक साईटवर टाका, उघडून मिळेल. त्यावर आबा म्हणे दुकानातच त्याच्यावर भडकले, की लोकांच्या लेकींची माहिती मी कुठल्या कोण साईटच्या घशात घालू? मग त्यांनी समाजाच्या ग्रुपवर लिहिलं, जाणकाराने संपर्क साधावा. मी दहा मिनिटांत संपर्क साधला.

कारण असल्या फाईलींसाठीच मी एक टूल बनवलेलं आहे. पुण्याच्या कंपनीचं काम मी धुळ्यात घरी बसून करते, आणि त्या कामात रोज अवाढव्य फाईली उघडाव्या लागतात. ब्राउझरमध्ये चालणारी बहुतेक टूलं अख्खी फाईल एका घासात गिळायला बघतात आणि गुदमरतात. टॅब गोठतो, पंखा घरघरतो, संपलं. माझं टूल फाईलचे छोटे तुकडे पाडतं आणि एकेक तुकडा वाचत जातं. मुख्य म्हणजे फाईल तुमच्या मशीनच्या बाहेर जात नाही. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या सर्व्हरवर काही चढवायचं नाही, हा माझा कडक नियम. मी मुळातच संशयी आहे. जन्मापासून नव्हते, झाले. माझं लग्न भुसावळच्या एका घरात झालं होतं, मुलाची कायमची नोकरी आहे असं सांगून. नोकरी लग्नाच्या आठ महिने आधीच सुटलेली होती. रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा आणि मी त्याला निरोप द्यायचे. कुठे जाऊन बसायचा देव जाणे. चौदा महिन्यांनी मी धुळ्याला परत आले ती हा स्वभाव घेऊन.

त्यानंतर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आबांकडे माझं नाव पुन्हा नोंदवलं. त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत एक स्थळ नाही. वाईटसुद्धा नाही. माझ्यासारख्या परत आलेल्या दोघी-तिघींची पुन्हा लग्नं झाली, एकीला तर पाचोऱ्याचं चांगलं शेतीवाडीचं घर मिळालं. मी मात्र कोरडीठाक. नाना जळगावला लग्नकार्याला गेले की परत येऊन सांगायचे, आबा भेटले होते, बघतो म्हणाले. हे 'बघतो' ऐकून ऐकून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला होता. आबांनी माझ्या खासगी शेऱ्यात काहीतरी लिहिलंय. भुसावळवाल्यांनी जाऊन त्यांचे कान भरले असणार. काय लिहिलं असेल? डोक्याने फिरलेली? नवऱ्याला सोडून आलेली? दुसरंच काही?

तर मी आबांसाठी फुकट राबायला तयार झाले ती समाजसेवा म्हणून नाही. ती फाईल उघडली की माझा शेरा मला वाचायचा होता. बास.

नानांना सांगितलं तेव्हा ते अहिराणीतच बोलले, "तू कसाले पडस त्यामा? तुले बस लागस." मी म्हटलं, गोळी घेईन.

अशी मी मॉनिटरच्या पाठीकडे बघत बसलेली. टूल मी एका पानात बांधून पेनड्राइव्हवर आणलं होतं, म्हणजे तार काढलेली असली तरी चालावं. आबांनी फाईल निवडली आणि टक्के वाचायला लागले. पंधरा, सोळा, सतरा. त्यांचा आवाज वर्गातला होता, एकेक आकडा स्वच्छ. एकोणतीसवर ते थांबले.

"पुढे?" मी विचारलं.

पुढे काही नव्हतं. पान बंद पडलं म्हणून सांगत होतं. पुन्हा केलं, पुन्हा एकोणतीस. माझ्या मनात पाल चुकचुकली. सॉफ्टवेअरवाल्याने जाताना मुद्दाम मोडकी फाईल दिली असेल. किंवा आबाच मधे काही दाबत असतील, मला दिसत थोडंच होतं. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय चाललं होतं तेही कळत होतं, कारण माझा हात टेबलावर जरा पुढे सरकला की ते मॉनिटर आणखी स्वतःकडे ओढत होते.

मी म्हटलं, टूलमध्ये नुसता पहिला तुकडा उघडा आणि सुरुवातीची थोडी अक्षरं वाचून दाखवा. त्यांनी साफ नकार दिला. सुरुवातीची अक्षरं म्हणजे पहिली मुलगी, ती कशी वाचणार? बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की अक्षरं सोडून फक्त खुणा वाचायच्या. मग ते वाचू लागले, चौकोनी कंस उघडला, महिरपी कंस उघडला, दुहेरी अवतरण, दुहेरी अवतरण, दोन टिंबं. महिरपी कंस! शाळा सुटल्यापासून हा शब्द मी ऐकला नव्हता. ऑफिसात आम्ही त्याला कर्ली म्हणतो. मला हसू आलं आणि राग थोडा उतरला.

"डावीकडे ओळींचे क्रमांक दिसतील," मी म्हटलं. "दुसऱ्या ओळीवर काय खुणा आहेत?"

बराच वेळ माउसचं चाक फिरल्याचा आवाज येत राहिला.

"ओळ क्रमांक एक," आबा म्हणाले. "दोन नाहीच."

मी कपाळावर हात मारला. फाईल मोडकी नव्हती. ती अख्खी पावणेदोन जीबी एकाच ओळीत लिहिलेली होती. माझं टूल तुकडा वाचायचं, त्यातल्या पूर्ण ओळी बाजूला काढायचं आणि उरलेली अर्धी ओळ पुढच्या तुकड्याला जोडायचं. इथे ओळ संपतच नव्हती, त्यामुळे ती अर्धी ओळ फुगत फुगत गेली आणि ब्राउझरने हात टेकले. वर त्या सॉफ्टवेअरवाल्या बाबाजींनी सगळ्यांचे फोटोही अक्षरांत बदलून त्याच ओळीत कोंबले असणार, त्याशिवाय पावणेदोन जीबी होत नाहीत. एकेका नोंदीत दहा रकान्यांचा माणूस आणि पुढे लाखो अक्षरांचा त्याचा फोटो.

आबांना एवढंच सांगितलं की पुढच्या रविवारी येते. पेनड्राइव्ह मागितला तर तो त्यांनी खिशात टाकला. माझ्या टूलने त्यावर काही उतरवून घेतलं की काय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे मी परत जाताना तो त्यांच्याचकडे राहणार होता. आला पेनड्राइव्ह, गेला पेनड्राइव्ह.

आठवडाभर ऑफिस सुरू व्हायच्या आधी रोज दीड तास मी टूलचा तो भाग पुन्हा लिहिला. आता ओळी मोजायच्या नाहीत, महिरपी कंस मोजायचे. कंस उघडला की माणूस सुरू, तोच कंस बंद झाला की माणूस संपला. अवतरणांच्या आतले कंस धरायचे नाहीत, कारण कोण आपल्या अपेक्षांमध्ये काय लिहील याचा नेम नाही. माणूस पूर्ण झाला की त्याचा फोटो बाजूला टाकायचा, बाकी माहिती ठेवायची आणि पुढे सरकायचं. तपासायला खरी फाईल हाताशी नव्हती, आबा ती थोडेच देणार? म्हणून मी खोटी बनवली. हजारो नोंदी, सगळ्या एका ओळीत, आणि प्रत्येकीला माझाच फोटो. उंची पाच फूट चार इंच, रंग गव्हाळ. माझं टूल घटाघटा सगळं वाचून गेलं. मी हजारो वेळा उपवर झाले आणि कुठेही अडखळले नाही.

नाना मागून एकदा डोकावून गेले. इतकं काय त्या म्हाताऱ्यासाठी मरतेस, असं काहीसं पुटपुटले. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तोच सोहळा झाला. मोबाईल डब्यात, तार बाहेर, मी मॉनिटरच्या पाठीशी. या वेळी टूल नव्या पेनड्राइव्हवर होतं आणि लॅपटॉपही नेला होता, तो मात्र बॅगेत बंद ठेवायच्या अटीवर आत घेतला गेला. टक्के एकोणतीसच्या पुढे गेले तेव्हा आबांचा आवाज थोडा चढला. साठ गेले, चौसष्ट गेले. मग ते गप्प झाले. टूल थांबलं होतं. चार हजार एकशे सात नोंदी नीट, पुढची बिघडलेली.

हे थांबणंही माझंच. एक नोंद बिघडलेली निघाली तर तिच्या पुढच्यांवर भरवसा कशाला ठेवायचा, म्हणून टूल तिथेच उभं राहतं. नेटवरून हे टूल वापरणारे लोक मला ईमेल लिहून सांगतात की बाई, पुढे जाऊ द्या. मी जाऊ देत नाही.

आबांनी जुनं रजिस्टर काढलं. त्यात नुसती नावं आणि नोंदणी क्रमांक होते. शेवटचा क्रमांक सहा हजार तीनशे अठरा. आणि माझा क्रमांक, जो चार वर्षं पावतीवर बघून मला पाठ झाला होता, तो होता पाच हजार सेहेचाळीस. म्हणजे बिघाडाच्या पलीकडे.

माझं डोकं सणकलं. एका ओळीची फाईल, मशीनने लिहिलेली, ती मध्येच अशी बिघडत नाही. कोणीतरी हाताने उघडून काही खोडलं असेल तरच बिघडते. आणि ही फाईल आबांशिवाय कोणाकडे होती? मी येणार म्हटल्यावर माझ्याबद्दलचं काहीतरी काढून टाकलं असेल यांनी. मी जे विचारू नये ते विचारून बसले.

"आबा, मी यायच्या आधी तुम्ही फाईलमधून काही काढलंत का?"

त्यांनी चष्मा काढला. मागच्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तो डोळा अजून लाल होता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले की फाईल उघडता आली असती तर तुझी मिनतवारी कशाला केली असती. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला शरम वाटली, पण संशय गेला म्हणाल तर तो काही गेला नाही. त्यांच्या नकळत दुसऱ्या कोणी काढून टाकलं असेल, असं लगेच मनात आलं.

तुकड्याला तुकडा जिथे जोडला जातो तिथे लाल खूण दिसेल अशी सोय मी या वेळी केली होती. मी त्यांना बिघडलेल्या नोंदीतली लाल खूण शोधायला सांगितली आणि तिच्या आजूबाजूचं वाचा म्हटलं. ते स्क्रीनला नाक लावून वाचू लागले.

"उंची. दुहेरी अवतरण. पाच. वर एक टिकली. चार. तिरपी रेघ. मग तुझी लाल खूण. खुणेच्या पुढे दुहेरी अवतरण."

मी डोळे मिटून ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग कळलं, आणि माझा चेहरा पडला असणार. उंची आकड्यात लिहिली होती, पाच फूट चार इंच, आणि इंचाची खूण म्हणजे तीच दुहेरी अवतरणाची खूण, जिच्या आत फाईलमधला प्रत्येक मजकूर बंद केलेला असतो. मजकूर इथे संपला नाही, ही नुसती इंचाची खूण आहे, हे सांगायला फाईल तिच्या आधी एक तिरपी रेघ मारते. माझ्या कात्रीने नेमकं त्या दोघांच्या मध्ये कापलं होतं. रेघ एका तुकड्यात, इंच दुसऱ्या तुकड्यात. नव्या तुकड्याला ती खूण एकटी दिसली आणि त्याने समजून घेतलं की मजकूर संपला. तिथून पुढे आत काय आणि बाहेर काय याचा सगळा घोळ झाला आणि दोन माणसं एकात एक मिसळली. माझ्या खोट्या फाईलमध्ये उंची मी अक्षरी लिहिली होती, म्हणून ते कधी दिसलंच नाही.

कोणी काही काढलं नव्हतं. खोडलं नव्हतं. चूक माझी होती, आणि मी ती एका म्हाताऱ्या माणसाच्या माथी मारायला निघाले होते. तसं मी त्यांना सांगितलं, आणि तुकडे, रेघ, इंच हेही समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हातचा घ्यायला विसरलीस," ते म्हणाले.

बारा वर्षांत मला इतकं अचूक कोणी सुनावलं नव्हतं. आधीच्या तुकड्याचं शेवटचं अक्षर काय होतं ते पुढच्या तुकड्याला सांगायचं, एवढंच राहिलं होतं. परवानगी घेऊन लॅपटॉप उघडला, चार ओळी वाढवल्या, आणखी एका पेनड्राइव्हवर टूल दिलं. तोही आबांच्या खिशात जमा होणार हे मी धरूनच चालले होते.

टक्के पुन्हा सुरू झाले. या वेळी आबा मोठ्याने वाचत नव्हते. कूलरच्या आवाजात मला काही कळेना. शेवटी ते म्हणाले, सहा हजार तीनशे अठरा. त्यांनी रजिस्टर उघडून आठ-दहा क्रमांक टाकून पाहिले, नावं जुळली. तीस वर्षांचं त्यांचं सगळं परत मिळालं होतं. ते खुर्चीत मागे टेकले आणि लाल डोळा पुसला.

मग त्यांनी मला विचारलं, "तू हे काम कशासाठी घेतलंस? खरं सांग."

मघाशी त्यांच्यावर आळ घेऊन झाला होता. आता खोटं बोलायची माझी ताकद नव्हती. मी म्हटलं, "माझा शेरा वाचायचाय. चार वर्षांत एक स्थळ नाही, आबा. तुम्ही काय लिहिलंत ते मला बघायचंय."

म्हणजे त्यांचा संशय पहिल्या दिवसापासून बरोबर होता. फुकट काम करणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं. मला वाटलं, आता डबा वर मागवतील आणि मोबाईल हातात देऊन रवाना करतील. त्यांनी रजिस्टर मिटलं. मग दोन्ही हातांनी मॉनिटर धरून त्यांनी तो सावकाश माझ्याकडे फिरवला.

"मी अक्काला चहाचं सांगून येतो," ते म्हणाले. "मला जिना उतरायला वेळ लागतो. चढायला त्याहून."

त्यांची पावलं खाली जाईपर्यंत मी कीबोर्डला हात लावला नाही. हा सापळा तर नाही ना, असं त्याही क्षणी मनात आलं. मग मी क्रमांक टाकला.

माझा चार वर्षांपूर्वीचा फोटो नव्हता, तो माझ्याच टूलने बाजूला टाकलेला. शिक्षण बरोबर, उंची बरोबर. खासगी शेरा सगळ्यात खाली होता. नोंदणी केल्यानंतर नवव्या दिवसाची तारीख आणि पुढे लिहिलं होतं, 'वडील स्वतः येऊन सांगून गेले. स्थळे पाठवू नयेत. मुलीस कळू देऊ नये.' त्याखाली पुढच्या वर्षाची तारीख, 'वडिलांना पुन्हा विचारले. नको म्हणाले.' त्याखाली आणखी एक वर्ष, तेच. आणि या जानेवारीत, 'चांगले स्थळ होते. धुळ्यातलेच. वडील नको म्हणाले.'

मी ते तीनदा वाचलं. फाईल खोटी असेल, टूल चुकलं असेल, दोन माणसं पुन्हा एकात मिसळली असतील, माझ्या नोंदीला दुसऱ्या कोणाचा शेरा चिकटला असेल. मी पुढची नोंद उघडून पाहिली, मागची पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. टूल बरोबर चाललं होतं आणि मला ते आयुष्यात पहिल्यांदा चुकायला हवं होतं.

आबा वर आले तेव्हा मॉनिटर मी पुन्हा त्यांच्या बाजूला फिरवून ठेवला होता. चहा प्यायला. निघताना त्यांनी माझे तिन्ही पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवले.

बसमध्ये पारोळ्यापर्यंत मला राग राग आला. नंतर रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून रडले. धुळ्याला उतरले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत होते. नाना गच्चीवर कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरत बसले होते. मी चप्पलही काढली नाही, तशीच वर गेले.

"नाना, आबांची फाईल उघडली."

त्यांचे हात थांबले. उघडली का, छान, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी जाळी खाली ठेवली आणि हाताला चिकटलेल्या वाळ्याच्या काड्या एकेक करून काढत राहिले. मी विचारलं, का? मला एकदा विचारावंसं नाही वाटलं? दरवेळी येऊन 'आबा बघतो म्हणाले' हे कसं सांगू शकलात, नाना? माझा आवाज शेजारच्या गच्चीवर गेला असेल, जाऊ दे.

भुसावळचं स्थळ नानांनी आणलं होतं. मुलाच्या ऑफिसात जाऊन एकदा चौकशी करून या, असं आई म्हणाली होती. ते गेले नव्हते. आई ते मनात धरूनच गेली. हे मला माहीत होतं, पण त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. मला वाटलं ते आता बोलतील.

"पहिलं वरीस तुन्हासाठे," नाना म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "मंग मन्हासाठे."

पहिलं वर्ष तुझ्यासाठी, मग माझ्यासाठी. मी त्यांच्यावर आणखी ओरडणार होते, पण यापुढे ओरडायला त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी गेल्यावर या घरात हा माणूस एकटा जाळ्यांत वाळा भरणार होता, हे मला दिसत होतं. तरी मला त्यांची कीव आली नाही. निदान त्या वेळी नाही.

मी म्हटलं, आबांना आत्ता फोन लावा. तो शेरा काढायला सांगा. स्थळ हवं की नको, एकटं राहायचं की कसं, ते मी ठरवीन, आणि मी नको म्हणाले तर ते माझं नको असेल.

नानांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि नाव शोधायला लागले. मी उठून त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले. नंबर आबांचाच आहे ना, हे मी एकेक आकडा करून ताडून बघत होते. नानांना ते कळलं. त्यांनी फोन थोडा तिरपा धरला, मला नीट दिसावा म्हणून.